पान उलटायच्या आधी: चित्रपुस्तकांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी अठराशे शब्दांची गोष्ट लिहिली आहे, चित्रंही मीच काढणार. पुस्तक किती पानांचं करू? आधी मजकूर पक्का करू की चित्रं? (सातारा)

आधी डमी, म्हणजे पुस्तकाचा हातानं केलेला कच्चा नमुना, करा. मजकूर आणि चित्रं दोन्ही तिच्यातच ठरतात.

पानांचा आकडा आपल्या मर्जीचा नसतो. छापखान्यात एका मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना मिळून १६ पानं छापून घड्या घालतात; तो एक फर्मा. म्हणून चित्रपुस्तकं बहुधा २४ किंवा ३२ पानांची, म्हणजे दीड किंवा दोन फर्म्यांची असतात. २९ पानं केलीत तर तीन कोरी जातील, कागदाचे पैसे मात्र ३२चेच.

ए-फोरचे ८ कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडले की ३२ पानं झाली. साधा स्टेपलर घडीपर्यंत पोचत नाही. कागद उघडून थर्माकोलवर ठेवा, स्टेपलरचा जबडा पूर्ण उघडून घडीवर पिना मारा आणि मागून त्यांची टोकं चमच्यानं दाबा. आता पानांना आकडे घाला. पहिलं पान शीर्षकाचं, दुसरं प्रकाशनाच्या तपशिलाचं, तिसऱ्यावर गोष्ट सुरू. पुढे ४-५ पासून ३०-३१ पर्यंत १४ जोडपानं, आणि शेवटी एकटं ३२वं. मजकुराची कात्रणं गोंदानं नको, उचकटता येईल अशा चिकटपट्टीनं लावा. पाच-सहा वेळा तरी त्यांच्या जागा बदलतात. चित्राच्या जागी काड्यांची माणसं पुरेत. इथंच सुबक चित्र काढून बसलात तर ते फाडवणार नाही, आणि डमी असते ती फाडण्यासाठीच.

मग उजव्या पानाच्या खालच्या कोपऱ्याकडे बघा. पान उलटणारं बोट तिथं असतं, म्हणून उत्सुकता तिथं थांबवायची. समजा, ‘टोपलीवरचं फडकं हललं आणि…’ ही ओळ उजव्या पानाच्या तळाशी आहे. पान उलटलं की डावीकडे फडफडणारी कोंबडी. हीच ओळ आणि कोंबडी समोरासमोरच्या पानांवर ठेवलीत की गंमत गेली. मूल अक्षरांच्या आधी चित्र बघतं; आई ‘आणि’पर्यंत पोचेतो ते ‘कोंबडी!’ म्हणून मोकळं झालेलं असतं. अशा जागा चौदा जोडपानांत तीन-चार पुष्कळ झाल्या. दर पानाला धक्का दिला तर मूल पानं भराभर उलटत सुटतं आणि चित्रांत रमत नाही.

दिशेचंही भान ठेवा. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे उजवीकडे तोंड केलेलं पात्र निघालेलं वाटतं आणि डावीकडे तोंड केलेलं परतणारं.

अठराशे शब्द मात्र या वयाला फार होतात. चार-पाचशेवर या. कसं, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न: ‘चित्र आणि मजकूर एकच गोष्ट सांगतात’ असा शेरा मारून संपादकांनी हस्तलिखित परत केलं. यात चूक काय? (डोंबिवली)

ही ओळ बघा: ‘आबांनी लाल पागोटं बांधलं, काळ्या सायकलला टोपली अडकवली आणि ते रणरणत्या उन्हात बाजाराला निघाले.’ पागोट्याचा रंग, सायकल, टोपली, ऊन हे सगळं चित्रात दिसणारच आहे. उरलं ‘आबा बाजाराला निघाले.’ चित्राला जे जमत नाही ते शब्दांकडे ठेवा: आवाज, वास, नावं, किती दिवस झाले, कोण मनात काय म्हणालं. सायकलची ‘कुई कुई’ शब्दांतच हवी.

पुढची पायरी जास्त मजेची. मजकूर म्हणतो, ‘आबा एकटेच निघाले.’ चित्रात टोपलीतून कोंबडीची शेपटी बाहेर आलेली. वाचणारी आजी ‘एकटेच’ म्हणते आणि मांडीवरचं नातवंड तिला चूक दाखवतं. ती चूक दाखवण्यासाठीच ते पुस्तक पुन्हा पुन्हा पुढ्यात येतं. फक्त पुढच्या पानावर ‘कोंबडी कधीच टोपलीत शिरली होती’ असं लिहून सगळ्यावर पाणी ओतू नका. लिहिणारा-चित्रकार एकच असला की हा खोडसाळपणा सोपा जातो, कारण चित्र काढताना आपलीच ओळ बिनदिक्कत खोडता येते.

प्रश्न: माझी नायिका पाचव्या पानावर सहा वर्षांची आणि बाराव्यावर दहा वर्षांची दिसते. (पणजी)

तिची उंची डोक्याच्या मापात ठरवा, उदाहरणार्थ साडेतीन डोकी, आणि समोरून, बाजूनं, पाठमोरी, धावताना, रडताना अशी एका कागदावर काढून तो टेबलासमोर लावा. डोकं लहान झालं की वय वाढतं. तुमचं बहुधा तेच होतंय. आणि चौकड्यांचा फ्रॉक द्यायचा तर तो तीस वेळा काढायची तयारी ठेवा.

प्रश्न: जलरंगातली पोपटी आणि राणी रंगाची चित्रं छापून मळकट आली, एक चेहरा शिवणीत गेला आणि ‘दऱ्या’चं ‘दर्या’ झालं. (नाशिक)

संगणकाचा पडदा प्रकाशानं रंग दाखवतो, छपाई चार शाईंनी. भडक पोपटी, राणी, नारिंगी त्या चार शाईंत पूर्ण उतरतच नाहीत. स्कॅन ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) करा, फाइल छपाईच्या चार रंगांत बदलून बघा आणि निदान एका जोडपानाचं रंगीत प्रूफ छापखान्याकडून मागा. पुठ्ठा बांधणीत किंवा चिकट बांधणीत पान पूर्ण उघडत नाही, म्हणून चेहरा, हात आणि अक्षरं मधल्या घडीपासून दोन्हीकडे किमान १२ मिमी लांब ठेवा. रंग कडेपर्यंत न्यायचा असेल तर चित्र कापणीच्या रेषेबाहेर ३ मिमी वाढवा, नाहीतर कडेला पांढरी रेघ दिसते.

अक्षरांचा घोळ जास्त गंभीर, कारण दऱ्या डोंगरात आणि दर्या कोकणात. ‘ऱ्या’तला अर्धा र जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधून मजकूर बदलून घेताना बिघडतो. पानं लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांचा कंपोझर, म्हणजे अक्षरं जुळवणारी सोय, सुरू नसेल तर जोडाक्षरंही तुटतात. फाँट निवडताना ल आणि श मराठी वळणाचे आहेत का बघा. शाळेत शिकलेला श पुस्तकात दुसराच दिसला तर नवं वाचणारं मूल अडखळतं. ‘तिरो देवनागरी मराठी’ हा मोफत फाँट हे वळण सांभाळतो. अक्षर १८ ते २२ पॉइंट, ओळींत ऐसपैस अंतर, कारण वेलांट्या वर जातात आणि उकार खाली येतात. मजकूर चित्रात रंगवू नका. वेगळ्या थरात, निव्वळ काळ्या शाईत ठेवा. उद्या कोकणी किंवा हिंदी आवृत्ती निघाली तर फक्त काळी प्लेट बदलावी लागेल.

प्रश्न: प्रकाशक एकरकमी पैसे देऊन ‘सर्व हक्क’ मागतात. (नागपूर)

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत, असं धरलं जातं. सही करण्याआधी मुदत, भाषा, ई-पुस्तक आणि खेळणी-कॅलेंडरसारखे वापर वेगवेगळे लिहून घ्या. मूळ चित्रांचे कागद स्कॅन झाल्यावर किती दिवसांत परत मिळतील, हेही त्यातच घाला.