रिमोट उघडण्याआधी

खेळण्यातलं रिमोटचं हेलिकॉप्टर आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) वापरून संगणकावरून उडवायचं, तर सोल्डरिंग नंतर कर, आधी मल्टिमीटर काढ. थ्रॉटलच्या (पंख्याचा वेग कमी-जास्त करणाऱ्या) काडीखाली तीन पायांचा पोटेन्शिओमीटर, म्हणजे काडीसोबत रोध बदलणारा भाग, असतो. काडी खाली-वर करत मधल्या पायावरचा व्होल्टेज मोज आणि काडी पूर्ण खाली आणि पूर्ण वर असतानाचे आकडे वहीत लिहून ठेव. मग तो पाय सोडवून तिथे आर्डुइनोकडून तेवढाच व्होल्टेज द्यायचा. रिमोटला फरक कळत नाही. ग्राउंड (शून्य व्होल्टची तार) मात्र रिमोट आणि आर्डुइनो दोन्हींचं एकच हवं.

युनोची (आर्डुइनोचा एक प्रकार) पीडब्ल्यूएम पिन, म्हणजे भराभर चालू-बंद होणारा सिग्नल देणारी पिन, थेट जोडू नकोस. तो चौकोनी तरंग असतो, साधारण 490 हर्ट्झचा. तो सपाट करायला मध्ये 4.7 किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याच्या पुढे ग्राउंडकडे 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाक. रिमोटचं सर्किट 3 व्होल्टवर चालत असेल, तर युनोचे पूर्ण 5 व्होल्ट तिथे जाता कामा नयेत.

हेलिकॉप्टर सायमा एस107 सारखं इन्फ्रारेडवालं असेल तर एवढा खटाटोप कशाला? रिमोटला हात न लावता इन्फ्रारेड एलईडी 38 किलोहर्ट्झवर चालवून तेच सिग्नल पाठवता येतात. मला तरी हाच मार्ग सुटसुटीत वाटतो.

आणि हो, पहिला कोड उडवायचा नाही, थांबवायचा लिही: संगणकाकडून अर्धा सेकंद काही आलं नाही, तर थ्रॉटल शून्य. चाचणी पंख्याखाली नको.