कॉम्प्युटरला हेडफोन लावला की आवाज फारच कमी येतो. सगळं 100 वर आहे, अजून कसा वाढवायचा?

सगळं 100 वर असेल तर आधी एक टूथपिक घ्या. सेटिंगचं नंतर बघू.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, कापसाचं. भाव येईल या आशेवर कापूस घरातच भरून ठेवायचा आणि उन्हाळा लागेपर्यंत अंग खाजवत बसायचं, हे दरवर्षीचं. त्या वर्षी समोरच्या खोलीत आढ्याला टेकेल इतका कापूस होता आणि त्याच खोलीत, खिडकीपाशी, भाऊजींनी पुण्याहून आणून दिलेला जुना लॅपटॉप. बाबांसाठी. त्यांना भजनं लागतात. मोबाईलवर बोट भलतीकडेच पडतं, आणि मोठ्याने लावलं तर पोरीचा अभ्यास होत नाही, म्हणून हेडफोन.

दिवाळीपर्यंत बरं चाललं. मग बाबांनी सुरू केलं, "आवाज येत नाई रे." मी वाढवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. विंडोज 100, गाणी वाजवणारा व्हीएलसी प्लेयर 125. मग व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये जाऊन कमाल मर्यादा 300 केली. इक्वलायझर एपीओ नावाचं आवाज कमी-जास्त करायचं सॉफ्टवेअर टाकून प्रीअ‍ॅम्प 12 डेसिबल वर नेला. मी तपासायचो ते एखादं सिनेमाचं गाणं दहा सेकंद लावून. वाजतंय की, फाटतंयसुद्धा, असं म्हणून हेडफोन पुन्हा बाबांच्या डोक्यावर. एक दिवस ते म्हणाले, "खंजिरी वाजते, पन मानूस कुठी गेला?" मी हसलो. तेव्हाच ऐकायला पाहिजे होतं.

बाबांनी बावीस वर्षं जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, काढली आहेत. घरातही मशीन चालू असल्यासारखंच बोलतात. भाऊजींना फोनवर सांगितलं तर त्यांनी निकालच दिला. लॅपटॉप माझ्याकडे सहा वर्षं चालला, एक दिवस कुरकुर नाही. मामांना ऐकू येत नाही, कानाचं मशीन घ्या. वर, "तिकडे धुळीत कुठलीही वस्तू टिकत नाही," हेही. जवायाच्या बोलण्यावर बाबा बोलत नाहीत. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "तुह्यं बोलनं मले आयकू येते ना? मंग?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी मी लॅपटॉप उचलून तालुक्याला नेला. दुरुस्तीवाल्याने फॉरमॅट मारून 600 रुपये घेतले आणि साउंड कार्ड गेलं म्हणून सांगितलं.

मग एका रात्री मी स्वतः हेडफोन घालून बाबांचं भजन पूर्ण ऐकलं. खंजिरी एका बाजूला खणखणीत, टाळ दुसऱ्या बाजूला, आणि गाणारा जणू विहिरीच्या तळाशी. दुसरी फाईल जुन्या कॅसेटवरून घेतलेली. तिच्यात तर नुसती खरखर.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. हेडफोनच्या पिनवर डावा, उजवा आणि दोघांचं मिळून एक ग्राउंड, म्हणजे वीज परत जायची वाट, असतं. पिन पूर्ण बसली नाही आणि ग्राउंड सुटलं, की दोन्ही बाजूंना जे सारखं आहे ते एकमेकांतून वजा होतं आणि जेवढा फरक आहे तेवढाच ऐकू येतो. गाणाऱ्याचा आवाज बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये मधोमध ठेवलेला असतो, म्हणून तो जातो आणि बाजूची वाद्यं राहतात. जुनी कॅसेट मोनो, डावीकडे जे तेच उजवीकडे, म्हणून तिच्यात जवळजवळ काहीच उरत नाही. खंजिरी वाजते, माणूस जातो. बाबा महिनाभर अगदी बरोबर सांगत होते.

मोबाईलचा टॉर्च जॅकच्या भोकावर धरला. तळाशी राखाडी काहीतरी. लॅपटॉप बंद केला आणि टूथपिकचं टोक कडेकडेने फिरवत एकेक धागा ओढला. शेवटी बाहेर आला तो रुईचा बोळा, मुगाच्या दाण्याएवढा, पिनेने ठोकून ठोकून पार घट्ट झालेला, आणि त्यात सरकीच्या सालीचा काळा कण. तोवर पिन एखाद मिलिमीटर बाहेरच राहत होती, आणि ती तशीच असते असं मी धरून चाललो होतो. आता टक्‌ करून बसली.

सकाळी मी मोठ्या ऐटीत बाबांच्या डोक्यावर हेडफोन घातला आणि भजन लावलं. व्हीएलसी 300 वर आणि प्रीअ‍ॅम्प 12 वर होता, हे विसरून. बाबांनी हेडफोन असा भिरकावला की कापसावर जाऊन पडला. म्हणून सांगतो, जॅक साफ करण्याआधी वाढवलेलं सगळं खाली आणा. टूथपिक लाकडीच घ्या. सुई, टाचणी आत घालू नका. पंक्चरवाल्याकडची हवाही मारू नका, तिच्यात पाणी असतं.

तुमचा जॅक असाच आहे का, हे कळायला एक युक्ती. विंडोजच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये ऑडिओखाली मोनो ऑडिओ आहे. तो चालू केल्याबरोबर हेडफोनमधला आवाज जवळपास मेला तर ग्राउंड सुटलंय: भोकात कचरा, नाहीतर पिनेपाशी वायर तुटलेली. फरक पडला नाही तर जॅक बरा आहे, आणि मग सेटिंगकडे वळा. कंट्रोल पॅनेलमधल्या जुन्या साउंड पॅनेलमध्ये कम्युनिकेशन्स नावाचा टॅब असतो. कॉल आला की बाकीचे आवाज 80 टक्क्यांनी कमी करायचं तिथे आधीपासून ठरवलेलं असतं. ते 'डू नथिंग' करा. एन्हान्समेंट्समध्ये लाऊडनेस इक्वलायझेशन दिसलं तर लावून बघा, व्याख्यानासाठी चांगलं, गाण्याची मात्र वाट लावतं. ब्लूटूथ हेडफोन असेल तर त्याचा स्वतःचा आवाज वेगळा वाढवावा लागतो. मोठ्या कॉम्प्युटरला समोरचं भोक सोडा, मागच्या हिरव्यात लावून बघा. स्टुडिओतला 250 ओहमचा हेडफोन कोणी दिला असेल तर लॅपटॉपचा जोर त्याला बहुधा पुरणार नाही, बाहेरचा अ‍ॅम्प लागेल. बाकी 300 टक्के वगैरे धंदे करू नका. मुळात आवाज हळू भरलेली फाईल असेल तरच त्याचा उपयोग. नाहीतर आवाजाच्या लाटेचा माथा कापला जातो आणि फाटका आवाज मोठा होतो.

भाऊजींना हे सगळं सांगितलं तर म्हणाले, "मग, धूळच निघाली ना!" धूळ नव्हे, भाऊजी. रुई. बोळा काडीपेटीत ठेवलाय, पोळ्याला आलात की हातावर ठेवतो.

आता एक गोष्ट नाइलाजाने लिहितो. पुढे बाबांचे कान तपासले, तर दोन्हीकडे 4000 हर्ट्झपाशी खड्डा निघाला. वर्षानुवर्षं मशीनच्या आवाजात राहिलेल्यांचा असाच निघतो. त्यामुळे स, श, च, फ त्यांना पुसट येतात. म्हणजे भाऊजी अर्धे बरोबर होते, पण त्या महिन्याच्या भांडणात नाही. आता आमच्याकडे एकूण आवाज कमी आणि इक्वलायझरमध्ये 2000 ते 4000 हा पट्टा तेवढा 5 डेसिबल वर, आणि बाबांना शब्द कळतात. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब मोठ्या माणसाला आठवड्यात 80 डेसिबल 40 तास असा आहे, आणि दर 3 डेसिबलला तास निम्मे होतात. 90 वर गेलात तर आठवड्याचे 4 तासच. तुम्हाला एकाच कानाला कमी येत असेल तर हेडफोन उलटा घालून बघा. तरी तोच कान कमी ऐकत असेल तर कॉम्प्युटर सोडा आणि डॉक्टरकडे जा, निदान मळ तरी निघेल.

आणि हेडफोन वायरचा की बिनवायरचा, ते प्रश्नात लिहायला हवं होतं. बिनवायरचा असेल तर टूथपिक परत ठेवा.