दोन्ही लेकरं माझीच, मग बाजू कुणाची घेऊ?

"पोरीचं ऐकलं तर पोरगा जातो, पोराला पाठीशी घातलं तर पोरगी जाते. मॅडम, आईनं करायचं काय?"

मोठ्या भावानं लहान बहिणीचं लैंगिक शोषण केल्याचं कळतं, तेव्हा जवळपास प्रत्येक आई माझ्यासारख्या समुपदेशकाला या ना त्या शब्दांत हेच विचारते. बाहेरच्या कुणी केलं असतं तर अख्खं घर एका बाजूला उभं राहिलं असतं. इथे घरच मधोमध फाटतं. म्हणून एका कुटुंबाची हकीकत सांगते. ओळख पटू नये यासाठी गाव, व्यवसाय, काही तपशील बदलले आहेत.

आई शिवणकाम करायची, वडील एसटीत चालक, सोबत आजी. मुलगा पंधरा वर्षांचा, मुलगी नऊ. रात्री आजी आणि दोन्ही मुलं एकाच खोलीत. मे महिन्याच्या सुट्टीत मुलगी मावशीकडे गेली आणि परतायच्या आदल्या दिवशी हटूनच बसली, "मी इथल्याच शाळेत जाणार." मावशी रागावली नाही. रात्री वेणी घालता घालता तिनं हळूच विचारलं, आणि मुलगी बोलली. मावशीनं उलटतपासणी केली नाही. "सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही. पण हे आईला सांगावं लागेल, मी तुझ्या बरोबर असेन," एवढंच म्हणाली. मुलीनं विश्वासानं सांगितलं आणि समोरच्यानं "खरं सांगतेस ना?" असं विचारलं, की ते दार पुन्हा वर्षानुवर्षं उघडत नाही. या मावशीला कुणी शिकवलं नव्हतं, तरी ती नेमकं बोलली.

दोघी बहिणी माझ्याकडे आल्या तेव्हा आईला आठवत होतं ते वेगळंच. ऐन उकाड्यातही पोरगी रात्री जीन्स घालून झोपायची आणि आजीच्या पलीकडे, भिंतीला चिकटून. "मीच ओरडायचे तिला, घामोळं येईल म्हणून."

मी त्यांना मध्येच थांबवलं. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशी गोष्ट कळली की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मलाही आणि तुम्हालाही. न कळवणं हाही गुन्हा. हे मी सुरुवातीलाच सांगते. सगळं ऐकून घेऊन शेवटी सांगितलं तर तो विश्वासघात ठरतो. ऐकल्याबरोबर आई पिशवी उचलून उभी राहिली. "म्हणजे तुम्ही माझ्या पोराला जेलात घालणार."

या एका भीतीपायी कितीतरी घरं गप्प बसतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. अठरा वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय कायद्याखाली बाल न्याय मंडळापुढे चालतं. त्याला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येत नाही आणि चोवीस तासांत मंडळापुढे न्यावं लागतं. जामीन नाकारायला ठोस कारण लागतं. गंभीर गुन्ह्यात प्रौढासारखा खटला चालवायचा का, हा प्रश्न सोळा पूर्ण झालेल्यांपुरताच येतो, या मुलाच्या बाबतीत आलाच नाही. मंडळ समुपदेशनाचे, देखरेखीचे आदेश देऊ शकतं. पुढे शिक्षण-नोकरीत त्या निर्णयामुळे अपात्रता येत नाही. दोन्ही मुलांचं नाव, फोटो, शाळा छापायला बंदी आहे. हा रस्ता सोपा आहे असं मी म्हणत नाही. आमच्या क्षेत्रातही सक्तीच्या तक्रारीबद्दल एकमत नाही, आणि तक्रारीच्या धाकानं काही घरं मदतीलाच येत नाहीत हे मलाही दिसतं. तरीही माझं मत तक्रारीच्याच बाजूनं आहे. घरात दाबलेली गोष्ट बहुतेक वेळा थांबत नाही, फक्त दिसेनाशी होते.

आई पुन्हा बसली ती बहिणीनं हात धरून बसवली म्हणून.

त्या रात्रीपासून एकच गोष्ट पक्की करायची होती: दोन्ही मुलं एका छताखाली झोपणार नाहीत. आईनं सहज विचारलं, "पोरीला मावशीकडेच ठेवू का?" अशा वेळी घरं हाच मार्ग धरतात आणि इथेच चुकतं. घर, शाळा, मैत्रिणी मुलीच्याच सुटतात आणि सांगितल्याची शिक्षा आपल्यालाच झाली असं तिच्या मनात बसतं. मुलगा काकांकडे गेला, मुलगी आठवड्याभरात घरी आली.

जबाब मावशीच्या घरी झाला. महिला उपनिरीक्षक साध्या कपड्यांत आल्या, तशी कायद्यातच तरतूद आहे. आरोप घरातल्याच सदस्यावर असला की प्रकरण बाल कल्याण समितीपुढे जातं आणि मूल घरात सुरक्षित आहे का, हे समितीला तीन दिवसांत ठरवावं लागतं. समितीनं एक सहायक व्यक्ती नेमून दिली. तपासणीपासून तारखेपर्यंत मुलीसोबत राहणारी ती बाई या कुटुंबाला सगळ्यात जास्त उपयोगी पडली, माझ्याहूनही. सहायक व्यक्ती मिळते हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. समितीकडे ती मागा.

आजीचं म्हणणं वेगळं. "पोरंच ती. लहानपणी सगळीच डॉक्टर-डॉक्टर खेळतात." साधारण एका वयाची दोन लहान मुलं कुतूहलानं एकमेकांकडे बघतात आणि मोठं माणूस आलं की लाजून पळतात, हे खरंच असतं आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. इथे सहा वर्षांचं अंतर होतं, "आईला सांगितलंस तर बघ" अशी धमकी होती, ते पुन्हा पुन्हा घडत होतं आणि मुलगी भ्यायलेली होती. याला खेळ म्हणत नाहीत.

मुलाला मी भेटले नाही. दोन्ही मुलांचा समुपदेशक एकच नसावा. मुलगी बोलते तेव्हा ऐकणारं माणूस पूर्णपणे तिचंच असलं पाहिजे. मुलाकडे दुसरे सहकारी गेले. असं करणाऱ्या मुलाचंही कधी कुणी शोषण केलेलं असतं, कधी त्यानं मोबाइलवर वयाला न झेपणारं खूप काही पाहिलेलं असतं. म्हणून त्याची जबाबदारी कमी होत नाही, पण उपचार कुठून सुरू करायचे ते कळतं. बहुतेक आयांना ठाऊक नसतं ते हे: योग्य मदत मिळालेली बहुसंख्य अल्पवयीन मुलं असं पुन्हा करत नाहीत, असंच अभ्यासांतून दिसतं. 'पोरगा गेला' हे गृहीत धरायचं कारण नाही.

वडिलांनी पहिल्या दिवशी त्याला पट्ट्यानं मारलं, मग कुणाशीच बोलेनात. ड्यूटी नसली तरी डेपोतच झोपायचे. बायकोला एकदाच म्हणाले, "तुझं लक्ष कुठं होतं?" त्या वाक्यावर आम्ही पुढे खूप काम केलं. अशा घरात आईबापालाही स्वतःसाठी कुणीतरी लागतं. वडिलांना मी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिला होता, फोन फुकट आणि मराठीत बोलता येतं. रात्री अडीच वाजता त्यांनी तो लावला, हे त्यांनी मला फार उशिरा सांगितलं.

श्रावणात राखीचा प्रश्न आला. नातेवाइकांचा बेत असा, की मुलानं बहिणीच्या पाया पडून माफी मागावी, तिनं राखी बांधावी आणि विषय संपवावा. अशा माफीच्या कार्यक्रमाला माझा ठाम विरोध असतो. दहा मोठ्या माणसांच्या गराड्यात नऊ वर्षांची मुलगी "नाही" कसं म्हणणार? तिला एकटीला विचारलं. म्हणाली, "मामाच्या पिंट्याला बांधते." तिनं तेच केलं. भाऊबीजेलाही तेच. माफी मागायचीच असेल तर ती मुलाच्या उपचाराचा भाग म्हणून, दोन्ही समुपदेशकांना योग्य वाटेल तेव्हा आणि मुलीला ऐकायची असेल तरच.

कुणाला याच क्षणी मदत हवी असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. जिल्ह्याच्या ठिकाणी बाल संरक्षण कक्ष आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो आणि अत्याचारपीडितांना आर्थिक मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेचा अर्जही तिथेच करायचा. मुंबईत अर्पण, पुण्यात मुस्कान या संस्था याच विषयावर काम करतात.

मुलगा अजून काकांकडे आहे, शाळा चालू आहे. महिन्यातून एकदा वडील रजा टाकून त्याला समुपदेशकांकडे नेतात, जाताना दोघं फार बोलत नाहीत, येताना चहाला थांबतात. घरी कधी यायचं ते ठरलेलं नाही. ठरेल तेव्हा मुलीला विचारूनच, आधी दिवसा, मोठ्या माणसांच्या देखत. आई आता माझ्याकडे स्वतःसाठी येते. पुढच्या आठवड्यात आजी येणार आहेत. "तुमच्या त्या मॅडमला मी चार गोष्टी सुनावणार आहे," असं त्यांनी सुनेला आधीच बजावलंय.