लिनक्सवर फायरफॉक्स सारखा हँग होतोय, प्लगइनमुळे असेल का? फॉरमॅट मारू का?

फॉरमॅट नका मारू, निदान आत्ता तरी नको. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला कळलं ते असं: जुना लॅपटॉप, ४ जीबी रॅम, साधी फिरणारी हार्डडिस्क, उबुंटू २२.०४. फायरफॉक्स थोडा वेळ बरा चालतो आणि मग विंडो करडी पडते, माउस हलतो पण क्लिक लागत नाही, बंद करून परत उघडायला गेलं की 'फायरफॉक्स आधीच चालू आहे पण प्रतिसाद देत नाही' असा मेसेज येतो. आणि मित्र म्हणतोय फ्लॅशचं प्लगइन (वेबपानावर व्हिडिओ, गेम चालवणारं जुनं जोड-सॉफ्टवेअर) बिघडलंय, ते काढून परत टाक.

मित्राचा सल्ला २०१२ साली एकदम बरोबर होता. तेव्हा लिनक्सवर फ्लॅश ११.२ वरच अडकून पडलं होतं, व्हिडिओ लावला की पंखा बोंबलायचा, आणि आम्ही सगळे 'प्लगइन-कंटेनर' नावाची प्रोसेस शोधून मारत बसायचो (ती २०१० मध्ये फायरफॉक्स ३.६.४ मध्ये आली, त्यामुळे फ्लॅश मेलं तरी ब्राउझर जिवंत राहायचा, केवढी सोय वाटली होती). पण मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्स ५२ ने फ्लॅश सोडून जावा, सिल्व्हरलाइट वगैरे सगळी जुनी प्लगइनं बंद केली आणि जानेवारी २०२१ मध्ये फायरफॉक्स ८५ मधून फ्लॅशही गेलं. आज कुठली साइट 'फ्लॅश अपडेट करा' म्हणत असेल तर टॅब बंद करून पळा. आता तुमच्या प्लगइनच्या यादीत फार तर दोन नावं दिसतील, सिस्कोचं ओपनएच२६४ आणि गूगलचं वाइडवाइन (दोन्ही व्हिडिओसाठी), आणि ती दोन्ही अशी अख्खी मशीन लटकवत नाहीत. म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार चाललाय.

एक्स्टेन्शन (अॅडब्लॉकरसारखी, आपण ब्राउझरला जोडतो ती) ही वेगळी गोष्ट, ती त्रास देऊ शकतात. तपासायला हेल्प मेनूतून ट्रबलशूट मोड चालू करा. पण इथे बरेच जण फसतात. ट्रबलशूट मोडमध्ये नीट चाललं की लगेच 'एक्स्टेन्शनच चोर' असा निकाल देऊन मोकळे होतात, पण तो मोड एक्स्टेन्शनबरोबर हार्डवेअर अॅक्सेलरेशनही (पान रंगवायचं काम ग्राफिक्स चिपकडे देणं) बंद करतो, म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरचा गोंधळ असला तरी तिथे सगळं आलबेलच दिसणार. म्हणून पुढची पायरी अशी, की नेहमीच्या मोडमध्ये या, एक्स्टेन्शन राहू देत, फक्त सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्सखाली हार्डवेअर अॅक्सेलरेशनची टिक काढा, ब्राउझर बंद करून परत उघडा आणि एक दिवस वापरून बघा. आणि मराठी टाइप करतानाच अडकत असेल तर आधी टर्मिनलमध्ये 'आयबस रिस्टार्ट' मारून बघा (आयबस म्हणजे मराठी टायपिंग सांभाळणारा प्रोग्रॅम), कधीकधी तेवढ्याने भागतं.

पण तुमची लक्षणं वाचून मला हे दोन्ही वाटत नाही. माउस हलतोय, बाकी सगळं गपगार, हे बहुतेक वेळा रॅम किंवा डिस्कचं दुखणं असतं. आणि ते कळायचा एकच मुहूर्त आहे, हँग झालेला असतानाच. पॉवर बटण दाबून बंद केलंत की पुरावा गेला.

तर पुढच्या वेळी लटकलं की कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा. काळा स्क्रीन येईल (यायला एखादं मिनिट लागलं तरी थांबा, तीही एक खूणच आहे), लॉगिन करा, पासवर्ड टाइप करताना काही दिसत नाही तसंच असतं ते, आणि 'टॉप' (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) चालवा. सगळे सीपीयूचे टक्के बघतात, तुम्ही 'एस' नावाचा छोटा कॉलम बघा, त्यात एकच अक्षर असतं. फायरफॉक्सपुढे 'आर' असेल आणि सीपीयू शंभरच्या आसपास असेल तर एखादं पान किंवा एक्स्टेन्शन गरगर फिरतंय. 'एस' म्हणजे झोपलाय, कशाची तरी वाट बघतोय. आणि 'डी' दिसलं तर तो कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) डिस्कची वाट बघत अडकलाय आणि तिथून त्याला 'किल मायनस ९' या जबरदस्तीने मारायच्या कमांडनेही लगेच उठवता येत नाही. लोक दहादा किल मारतात आणि म्हणतात लिनक्स भंगार, पण रांगेत उभ्या माणसाला ओरडून काय होणार, खिडकी उघडली पाहिजे ना.

'डी' असेल तर 'व्हीएमस्टॅट १' चालवा आणि 'एसआय' आणि 'एसओ' हे दोन कॉलम बघा. तिथे सतत मोठे आकडे पळत असतील तर रॅम संपलीय आणि मशीन डिस्कवरच्या स्वॅपमध्ये (रॅम कमी पडली की वापरायची जागा) वरखाली करतंय. शून्य असतील आणि तरीही 'डी', तर 'सुडो डीमेसेज' (sudo dmesg, कर्नलच्या नोंदी दाखवते) मारून शेवटच्या ओळी वाचा. सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेतले जुने पीसी मी बघतो, तिथे एमपीएससीच्या एका मुलाची खात्रीच होती की अॅडब्लॉकरमुळे हँग होतंय, दोनदा काढून टाकला होता त्याने बिचाऱ्याने. डिस्कचा दिवा विझतच नव्हता, कान लावला तर आतून टक्, थोडं थांबून परत टक्, आणि डीमेसेजमध्ये एकाखाली एक 'आय/ओ एरर, डेव्ह एसडीए, सेक्टर अमुक'. स्मार्टसीटीएल (डिस्कची तब्येत सांगणारी कमांड) लावलं तर 'करंट पेंडिंग सेक्टर', म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागांचा आकडा, शून्य नव्हतं. म्हणजे डिस्क जायला टेकली होती आणि फायरफॉक्स फक्त पहिला बोंबलला, कारण तो दर १५ सेकंदांनी उघड्या टॅबांची नोंद डिस्कवर लिहितो, शिवाय कॅश आणि हिस्टरी. तुमच्याकडे हा आकडा शून्य नसेल तर बाकी सगळं सोडा, आधी बॅकअप घ्या.

रॅमचं निघालं तर अॅड्रेस बारमध्ये 'अबाउट:प्रोसेसेस' टाका, कुठला टॅब किती खातोय ते तिथे दिसतं आणि तिथूनच तो मारताही येतो. नव्या आवृत्त्यांत टॅबवर राइट क्लिक करून 'अनलोड टॅब'ही करता येतं. उबुंटूवर 'झेडरॅम-टूल्स' टाका, म्हणजे स्वॅप डिस्कवर जायच्या आधी रॅममध्येच दाबून ठेवला जातो; फेडोरा या दुसऱ्या लिनक्सने हे ३३ व्या आवृत्तीपासून स्वतःच चालू ठेवलंय. आणि हँग न होता ब्राउझर एकदम गायबच होत असेल तर तो क्रॅश असेलच असं नाही, २२.०४ मध्ये 'सिस्टमडी-ऊमडी' असतो, तो रॅम तुंबली की मोठं गिऱ्हाईक बघून मारतो.

आता तो 'आधीच चालू आहे' वाला मेसेज. जुनी प्रोसेस मेलेलीच नसते, एवढंच. आधी 'पीकिल फायरफॉक्स', थोडं थांबा, नाही गेली तरच मायनस ९. कुठेतरी वाचून प्रोफाइलमधली (बुकमार्क, हिस्टरी ठेवायचं फोल्डर) 'लॉक' फाइल उडवायला जाल, तर जुनी प्रोसेस जिवंत असताना ती अजिबात उडवू नका, दोन फायरफॉक्स एकाच प्रोफाइलमध्ये लिहायला लागले तर बुकमार्कची वाट लागेल. तुमचा फायरफॉक्स स्नॅप या उबुंटूच्या पॅकेज प्रकारातला असेल (२२.०४ वर तोच येतो), त्यामुळे प्रोफाइल होममधल्या नेहमीच्या डॉट-मोझिलामध्ये सापडणार नाही, 'स्नॅप' फोल्डरमध्ये 'फायरफॉक्स', मग 'कॉमन', त्याच्या आत बघा. आणि 'आर' किंवा 'एस' असताना मारायचाच झाला तर 'किल मायनस एबीआरटी' वापरा, क्रॅश रिपोर्टर चालू असेल तर 'अबाउट:क्रॅशेस'मध्ये तो नेमका कुठे अडकला होता ते सापडतं.

तर टॉपमधलं अक्षर, व्हीएमस्टॅटच्या चारपाच ओळी आणि डीमेसेजचं शेपूट, एवढं मोबाइलवर फोटो काढून इथे टाका, मग बघू. तोपर्यंत पुण्याच्या तपकीर गल्लीत रॅम आणायला धावू नका. जायचंच असेल तर आधी 'सुडो डीएमआयडीकोड मायनस टी मेमरी' मारून स्लॉट मोकळा आहे का आणि व्होल्टेज १.३५ आहे का १.५ ते लिहून घ्या, कारण डीडीआर३ आणि डीडीआर३एल दिसायला सारख्याच असतात आणि १.३५ वाल्या काही लॅपटॉपमध्ये १.५ ची पट्टी बसते झकास पण मशीन चालूच होत नाही.