रत्नागिरीचा पाऊस वर बर्फ असतो का?

प्रश्न: पुतण्या म्हणतो, आषाढात आपल्या अंगणात पडणारा पाऊस वर बर्फ असतो आणि तो वितळताना रडारला दिसतो. थट्टा करतोय का? आणि मोबाइलवर मुंबईच्या रडारच्या चित्रात आमच्या डोक्यावर पिवळाधमक रंग असताना खाली नुसती भुरभुर कशी?
— एक वाचक, रत्नागिरी तालुका

उत्तर: थट्टा नाही, पण पुतण्या अर्धंच सांगतोय. खाली आपण घामाने निथळत असतो तेव्हाही वर साधारण 5 किलोमीटरवर तापमान शून्याला टेकलेलं असतं. दिवसभर एका लयीत लागून राहणारी झड जाड, पसरट ढगांतून येते आणि त्यांचा माथा या उंचीच्या बराच वर असतो. तिथे हिमकण वाढतात, शून्याजवळ आले की एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि पुढच्या काहीशे मीटरांत त्यांचं पाणी होतं.

सगळी गंमत त्या काहीशे मीटरांत. पुंजका बाहेरून वितळू लागला की त्याच्या अंगावर पाण्याचा पातळ थर येतो. बर्फापेक्षा पाण्यावरून रडारच्या लहरी सुमारे पाचपट जोरात परततात, आणि पुंजका तर अजून थेंबाहून मोठाच असतो. आकाराचा हिशेब इथे भयंकर आहे: व्यास दुप्पट, तर परतणारी लहर 64 पट! रडारला वाटतं, केवढा हा थेंब. पुरता वितळला की तो आक्रसतो. सेकंदाला मीटर-दीड मीटरने तरंगत येणारा कण आता पाच ते नऊ मीटरने पडू लागतो, त्यामुळे थेंब विरळ होतात आणि लहर उतरते. म्हणून वर मंद, मध्ये झगझगीत, खाली बेताचा असा पट्टा उमटतो. रडारवर काम करताना आम्ही त्याला ब्राइट बँडच (चमकता पट्टा) म्हणायचो. अँटेना वर कलवून फिरवला की तो पडद्यावर गोल दिसतो, चंद्राला खळं पडावं तसा. रात्रपाळीला तो दिसला की मी निवांत चहा मागवायचो. झड आहे, वादळ नाही. वादळी ढगात वर-खाली इतकी घुसळण चालते की असा नीट पट्टा टिकतच नाही.

आता पुतण्याने न सांगितलेलं अर्धं. कौलं वाजवत येऊन पाच मिनिटांत निघून जाणारी आपली सर बऱ्याचदा घाटाला अडलेल्या बुटक्या ढगांची असते. तिने बर्फ पाहिलेलाच नसतो. थेंबाला थेंब मिळून ती तयार होते.

तुमच्या पिवळ्या रंगाचं कोडं इथेच सुटतं. मुंबईहून रत्नागिरी सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. रडारचा किरण अर्धा अंश वर कलवून सोडला, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे तुमच्याकडे येईपर्यंत त्याचा मध्य पावणेपाच किलोमीटरवर गेलेला असतो, म्हणजे नेमका वितळत्या थरात. शिवाय एक अंश रुंदीचा किरण तिथवर पसरून पावणेचार किलोमीटर जाड झालेला. त्यात ओले पुंजके सापडले की चित्र पाऊस फुगवून दाखवतं. उलट बुटक्या ढगांची सर किरणाखालूनच निसटते. तुम्ही भिजता आणि चित्र कोरडं! गोव्याच्या रडारचा तसाच किरण तुमच्यावर साडेतीन किलोमीटरच्या आत असतो. मोबाइलवर तेही चित्र उघडत चला.