वाचक विचारतात : तिनं देश निवडायचा का?

प्रश्न : माझी कादंबरी १९६१ सालातली आहे. नायक बेळगावचा मराठी हिंदू. नायिका मडगावची ख्रिश्चन, लहानपणीच शिकायला मावशीकडे बेळगावच्या कॅम्पात, म्हणजे छावणीच्या भागात आलेली. गोव्यात आपलं सैन्य शिरतं तेव्हा ‘माझा देश कुठला’ हे तिनं ठणकावून सांगावं, असं मित्र म्हणतात. मला तो प्रसंग काही केल्या जमत नाही.
– एक वाचक, खानापूर

उत्तर : जमत नाही ते बरंच आहे. तिच्या तोंडी भाषण घालू नका.

१९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज शरण आले, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आमच्या गल्लीत कुंदा, म्हणजे बेळगावची खव्याची मिठाई, वाटली गेली. शेजारच्या गोवेकरीण बाईंनीही घेतली, अगदी आनंदानं. मग द्रोण तसाच हातात धरून माझ्या आईला म्हणाल्या, ‘म्हजी आवय बरी आसतली न्हय गो?’ १९५५ पासून हद्दीजवळच्या कॅसलरॉक स्टेशनच्या पुढे गोव्याची गाडी बंद होती. सहा वर्षांत त्यांना आई दिसली नव्हती. कुंदा द्रोणातच राहिला, एवढं मला पक्कं आठवतं.

देशाचा प्रश्न आला तो नंतर, कागदावर. मार्च १९६२ च्या आदेशानं गोव्यात जन्मलेली माणसं २० डिसेंबरपासून भारताचे नागरिक ठरली. आधीचंच नागरिकत्व ठेवायचं असेल, तर महिन्याच्या आत लेखी कळवायचं होतं. तुमच्या पत्रात हा महिना कुठंच नाही, आणि माझ्या मते कादंबरी तिथंच आहे. मडगावचे वडील अर्ज लिहायला बसतात का? मुलगी काहीच कळवत नाही. तिचं उत्तर तेच.

नायकालाही सोडू नका. १ नोव्हेंबर १९५६ ला त्याचं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, त्याला कुणी महिन्याची मुदत दिली नव्हती. हे तो तिला कळवळून सांगेल. तिचं लक्ष मात्र आईच्या पत्राकडे असेल. तसंच असू द्या.

आणि लग्न चर्चमध्ये की देवळात, यावर पानं घालवू नका. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस आहे, शिवाय कलम १९ आहे : असं लग्न केलं की हिंदू मुलगा एकत्र कुटुंबातून आपोआप विभक्त होतो. म्हणजे घरच्या भातशेतीची वाटणी आली. वडील आधी कशावरून चिडतील, सुनेच्या धर्मावरून की बांधावरून? हे एकदा ठरवा, आणि तेवढी दोन प्रकरणं लिहून मला पाठवा.