पांढरे केस, मेंदी आणि गडद तपकिरी रंग

प्रश्न : माझे निम्म्याहून अधिक केस पांढरे झाले आहेत. घरी मेंदी लावली की ते भडक केशरी दिसतात. मला गडद तपकिरी रंग हवा आहे. त्यासाठी ‘काळी मेंदी’ वापरावी का?

उत्तर : मेंदीच्या पानांतील लॉसोन हे रंगद्रव्य तांबूस-केशरी असून ते केसांतील केराटिन या प्रथिनाशी घट्ट जोडले जाते. मेंदी केसांचा मूळ रंग काढत नाही, त्यावर आपली छटा चढवते. म्हणूनच काळ्या केसांवर तिची लाली फारतर उन्हात जाणवते आणि पांढऱ्यांवर मात्र लपत नाही. तरीही धुतल्या धुतल्या दिसणाऱ्या रंगावरून निराश होऊ नये, कारण हवेच्या संपर्काने तो पुढील दोन दिवसांत बराच गडद होतो.

निव्वळ मेंदीने काळा रंग कधीच येत नाही. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक उत्पादनांत पीपीडी हे रसायन असते, आणि त्यामुळे काहींच्या टाळूला खाज, सूज व फोड येतात. एकदा अशी अॅलर्जी जडली की ती सहसा कायमची राहते. वेष्टनावर घटकांची यादीच नसेल, तर ते पाकीट घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याला हवी असलेली छटा मेंदीत निळीच्या पानांची पूड (कपड्यांना घालायची नीळ नव्हे) मिसळून मिळू शकते. एक भाग मेंदी साध्या कोमट पाण्यात रात्रभर भिजवावी. लावण्यापूर्वी दोन भाग निळीची पूड वेगळी कालवून, दहा-पंधरा मिनिटांत भिजवलेल्या मेंदीत मिसळावी आणि लगेच वापरावी, कारण कालवलेल्या निळीचा जोर फार टिकत नाही. लिंबाचा रस यात घालू नये, आंबटपणाने निळीचा रंग नीट चढत नाही. केस धुतलेले व तेलविरहित असावेत. दोन-तीन तासांनी नुसत्या पाण्याने धुवावेत आणि शाम्पू दोन दिवस टाळावा.

वनस्पतिजन्य पुडीचीही अॅलर्जी असू शकते, त्यामुळे हे मिश्रण आधी कोपराच्या आतल्या बाजूस लावून धुवावे आणि ४८ तास वाट पाहावी. कापलेल्या केसांच्या एका बटेवर छटा तपासून घेणेही शहाणपणाचे, कारण चढलेली मेंदी उतरवता येत नाही. पुढे मात्र केवळ मुळाशी वाढलेल्या केसांना रंग लावला तरी पुरते.